मधुमेहात फ्लू : पहिले दोन दिवस

फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा विषाणूमुळे नाक, घसा आणि फुप्फुसांना होणारा संसर्ग. धडधाकट माणसात तो आठवडाभरात बहुधा आपोआप बरा होतो, म्हणून त्याला कोणी फारसे मोजत नाही. मधुमेह असलेल्या माणसात मात्र तो एकाच वेळी दोन बाजूंनी घेरतो. संसर्ग छातीत उतरण्याची शक्यता वाढते आणि रक्तातली साखर हाताबाहेर जाऊ लागते. या दोन्ही गोष्टी रोखण्याची सर्वांत चांगली संधी लक्षणे सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत असते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात नेमके हेच तास ताप अंगावर काढण्यात जातात. त्याचे खापर रुग्णाच्या अज्ञानावर फोडणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. पाळ्या, हजेरी भत्ता, ठेकेदारी, गोळी-इंजेक्शनचे दवाखाने आणि विम्याचे नियम यांनी मिळून हा उशीर घडवला आहे. तो कमी व्हायचा तर रुग्णाला शहाणे करण्याबरोबरच कारखान्यालाही आपली रीत बदलावी लागेल.

या भागाला फ्लूची ओळख चांगलीच आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. शाळा-महाविद्यालये आठवडाभर बंद ठेवावी लागली, चित्रपटगृहांना टाळे लागले, औषधांच्या दुकानांतले मास्क संपले आणि पुण्याच्या नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. तो एच१एन१ विषाणू नंतर कुठे निघून गेला नाही. तो दरवर्षीच्या हंगामी फ्लूचा एक भाग होऊन बसला. २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ या दुसऱ्या प्रकाराने डोके वर काढले, तेव्हा पिंपरी-चिंचवडमध्ये सहव्याधी असलेल्या एका ज्येष्ठ रुग्णाचा मृत्यू झाला. पुणे परिसरात फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, असतो आणि कधी कधी थंडीच्या अखेरीस दुसरी लाट येते. म्हणजे कंपनीच्या बसच्या काचा पावसामुळे बंद असतात आणि आत पन्नास माणसे दाटीने बसलेली असतात, त्याच दिवसांत हा विषाणू सर्वाधिक फिरतो.

२००९ च्या साथीने मधुमेहाविषयी एक गोष्ट आकड्यांत दाखवून दिली. कॅनडातल्या माँट्रियल भागातल्या रुग्णांच्या अभ्यासात असे आढळले की, मधुमेह असलेल्यांना या फ्लूमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका इतरांच्या तिप्पट होता आणि दाखल झाल्यावर अतिदक्षता विभागात जाण्याचा धोका चौपट. याची कारणे शरीराच्या कारभारात आहेत. साखर सतत जास्त राहिली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. जंतूंपर्यंत पोचणे, त्यांना गिळणे आणि मारणे ही तिन्ही कामे ढिली पडतात. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेच्या अस्तराला इजा करतो आणि त्या उघड्या पडलेल्या जागेवर न्युमोकोकस, स्टॅफिलोकोकस असे जीवाणू ठाण मांडतात. फ्लूने दगावणाऱ्यांत असा मागाहून आलेला न्युमोनिया अनेकदा असतो. हृदयावरही ताण येतो. कॅनडाच्याच ओंटारिओ प्रांतातल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सहापट दिसले. मधुमेहीच्या रक्तवाहिन्या आधीच कडक झालेल्या असतात, त्यामुळे हा आकडा त्याने जास्त गांभीर्याने घ्यायला हवा.

दुसऱ्या बाजूने फ्लू मधुमेह बिघडवतो. ताप आला की शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन, ग्लुकागॉन ही हार्मोन्स जास्त प्रमाणात सोडते. त्यांच्या प्रभावाखाली यकृत साखर रक्तात ओतत राहते आणि पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत. परिणामी पोटात अन्नाचा कण नसतानाही साखर चढते. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे तापात सर्वांत जास्त चुका होतात. ‘दोन दिवस जेवलोच नाही, मग औषध कशाला?’ हा प्रश्न दवाखान्यात डॉक्टरांना नेहमी ऐकावा लागतो. तो तर्काला धरून वाटतो, पण शरीर त्या तर्काने चालत नाही. साखर वाढली की लघवी वाढते, लघवीवाटे पाणी जाते, तापाने आणि घामाने आणखी जाते. अंगातले पाणी आटले की साखर अजून दाट होते.

भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाने २०२३ मध्ये मांडला. प्रौढांत हे प्रमाण ११.४ टक्के आहे. औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केले. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त आणि स्नायूंचे कमी असते, आणि ही घडण जन्मापासूनच दिसते, हे त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत वर्षानुवर्षे अभ्यास करून दाखवले. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी इथल्या खोल्यांत राहायला आलेला तिशीतला, किडकिडीत हेल्पर स्वतःला मधुमेहाचा उमेदवार समजत नाही. त्याचा ठेकेदारही समजत नाही. अशा माणसाची साखर पहिल्यांदा तपासली जाते ती तापातच, आणि ती एकदम तीनशेच्या घरात निघते. म्हणून या भागात फ्लूचा विचार ज्याला मधुमेह आहे हे ठाऊक आहे, त्याच्यापुरता ठेवून चालणार नाही. तिशी उलटलेल्या कोणालाही सणकून ताप आला, तहान वाढली आणि लघवीला वारंवार जावे लागले, तर बोटातून एक थेंब रक्त तपासणे ही पहिली पायरी असायला हवी.

फ्लू ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे त्याचा अचानकपणा. सर्दी हळूहळू येते. आधी घसा खवखवतो, मग नाक वाहते, अंग जरा जड होते. फ्लूचा रुग्ण मात्र ‘जेवणाच्या सुट्टीपर्यंत ठीक होतो, त्यानंतर अंगात कणकण भरली’ असे वेळेनिशी सांगू शकतो. जोराचा ताप, हुडहुडी, डोकेदुखी, कंबर आणि पिंढऱ्या फुटणे, कोरडा खोकला आणि उठवत नाही असा थकवा ही त्याची लक्षणे. संसर्ग झाल्यापासून ती दिसायला एक ते चार दिवस लागतात. वयस्कर मधुमेहींमध्ये ताप फारसा नसतोही. त्यांच्यात थकवा, भूक मेलेली आणि कारण नसताना वाढलेली साखर एवढेच दिसते. रोज सकाळी एकशेतीस-चाळीस येणारी साखर खाण्यात काही बदल नसताना दोनशेवीस आली, तर संसर्ग सुरू झाला असावा असे धरून चालावे. पुष्कळदा ग्लुकोमीटर थर्मामीटरच्या आधी बोलतो.

या पट्ट्यात ओळख पटवणे आणखी दोन कारणांनी अवघड होते. पावसाळ्यात इथे डेंग्यू आणि चिकुनगुन्याही असतात आणि लोकांच्या तोंडी सगळ्याच तापांना ‘व्हायरल’ हे एकच नाव असते. डेंग्यूत खोकला आणि वाहते नाक सहसा नसते, डोळ्यांच्या मागे दुखते, अंगावर पुरळ येऊ शकते. फ्लूत खोकला बहुधा असतोच. शंका असेल तर पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस१ तपासणी करता येते, आणि डेंग्यूची शक्यता मिटेपर्यंत अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. मधुमेहीच्या मूत्रपिंडांनाही त्या गोळ्या सोसत नाहीत. तापासाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. दुसरे कारण कामाच्या जागेचे. फाउंड्री, पेंट शॉप, ग्राइंडिंग, कूलंटचा फवारा उडणारी मशिन्स यांवर वर्षानुवर्षे काम केलेल्याला सकाळचा खोकला सवयीचा झालेला असतो. नवा खोकला त्या जुन्या खोकल्यात दडून जातो. अशा माणसाने खोकला आहे की नाही यापेक्षा तो बदलला आहे का, चढताना धाप लागते का, हे पाहावे.

फ्लूच्या पहिल्या दिवशी कामावर काय घडते ते बारकाईने पाहिले की धोका स्पष्ट होतो. पन्नाशीतला एक प्रेस ऑपरेटर सकाळी ग्लायमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतो आणि दुसऱ्या पाळीला येतो. संध्याकाळी अंग तापते. पाळी अर्धवट सोडली तर हजेरी भत्ता जाईल आणि सुपरवायझरला बदली माणूस शोधावा लागेल, म्हणून तो एक पॅरासिटामॉल घेऊन उभा राहतो. तोंडाला चव नसल्याने कँटीनचे ताट तसेच सोडतो. तासाभरात दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, डोके हलके होते. त्याला वाटते ताप उतरतोय. तसे असेलही. पण सकाळच्या ग्लायमेपिराइडने रिकाम्या पोटी साखर सत्तरच्या खाली नेली असेल, तरी अंगाला नेमके हेच वाटते. या दोन्हींतला फरक घामावरून कळत नाही, तो फक्त ग्लुकोमीटर सांगतो. तपासण्याआधी बोट साबणाने धुऊन कोरडे करावे लागते. ऑइल, कूलंट किंवा मघाशी खाल्लेल्या बिस्किटाचा अंश बोटावर राहिला तरी आकडा चुकतो. साखर सत्तरपेक्षा कमी असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि साखर वर आल्यावर काहीतरी खायचे. असा झटका येऊन गेलेल्याने त्या पाळीत पुन्हा मशिनवर उभे राहू नये. प्रेसवरचा एक क्षणाचा अंधार बोटे घेऊन जातो.

आजारपणाच्या दिवसांत साखर दर चार तासांनी तपासावी, रात्रीही एकदा. औषधांबाबत सरसकट चालू ठेवणे आणि सरसकट बंद करणे या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. इन्शुलिन कधीही पूर्ण बंद करायचे नसते, टाइप १ मधुमेहात तर मुळीच नाही. जेवण कमी झाले तरी दीर्घकाळ काम करणारे इन्शुलिन लागतेच, उलट तापात ते जास्त लागू शकते. ग्लायमेपिराइडसारख्या गोळ्यांचे तसे नाही. अन्न जात नसेल तर त्या साखर धोकादायक खाली नेतात, म्हणून त्यांचा डोस डॉक्टरांना विचारून कमी करावा लागतो. उलट्या-जुलाब होत असतील किंवा अंगातले पाणी आटले असेल तर मेटफॉर्मिन थांबवावे लागते. सर्वांत कमी माहिती आहे ती डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्यांविषयी. २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपले, ती गोळी स्वस्त झाली आणि साध्या वस्तीतल्या दवाखान्यांतूनही लिहून दिली जाऊ लागली. तिचे फायदे मोठे आहेत. पण ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते, त्यामुळे आजारपणात, उपाशीपोटी, रक्तात आम्ल साठू लागले तरी साखरेचा आकडा दोनशेच्या आसपासच दिसू शकतो. आकडा पाहून रुग्ण निश्चिंत राहतो आणि किटोॲसिडोसिस वाढत जातो. म्हणून ताप येऊन खाणेपिणे कमी झाले की ही गोळी थांबवायची आणि पूर्ववत जेवण सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा चालू करायची असा नियम आहे. तो औषधाच्या पट्टीबरोबर सांगितला जायला हवा. किती जणांना सांगितला जातो, हा प्रश्न प्रत्येक डॉक्टरने स्वतःला विचारावा.

एवढे सगळे तापाने फणफणलेल्या माणसाने ऐनवेळी आठवावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. उन्हाळ्यात, बरे असताना, नेहमीच्या डॉक्टरकडून एका चिठ्ठीवर लिहून घ्यावे : ताप आल्यावर कोणती गोळी थांबवायची, कोणती अर्धी करायची, इन्शुलिन साखर किती झाल्यावर किती वाढवायचे, कोणत्या आकड्यावर फोन करायचा. त्या चिठ्ठीची एक प्रत पाकिटात आणि एक खोलीतल्या सोबत्याकडे असावी. चाकणच्या भाड्याच्या खोल्यांत चार-सहा जण वेगवेगळ्या पाळ्यांत राहतात. एक कामावर जातो तेव्हा दुसरा झोपायला येतो. आजारी माणूस तिथे दिवसभर एकटाच असू शकतो, आणि साखर फार चढली किंवा फार उतरली की स्वतःचे भान स्वतःला राहत नाही. इन्शुलिनही अशा खोलीत जपावे लागते. फ्रिज नसेल तर वापरात असलेले पेन सावलीत, गार जागी चारेक आठवडे टिकते, पण मोटारसायकलच्या डिक्कीत उन्हात राहिलेले इन्शुलिन कामाचे राहत नाही आणि दिसायला मात्र तसेच दिसते.

खाण्याच्या बाबतीत जुन्या संस्कारांतले काही उपयोगी पडते, काही आड येते. तापात लंघन करावे ही समजूत मधुमेहीला घातक आहे. दर तीन-चार तासांनी थोडे पिष्टमय अन्न पोटात जायला हवे : भाताची पेज, मऊ खिचडी, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, नाचणीची किंवा ज्वारीची आंबील, ताक. पाणी तासाला एक पेला या बेताने, मूत्रपिंड किंवा हृदयाच्या विकारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर. साखर जास्त असताना गुळाचा काढा, मध घातलेला चहा आणि गोड कफ सिरप टाळावे. बिनसाखरेचे सिरप दुकानात मागितले तर मिळते. काहीच खाववत नसेल आणि साखर खाली येत असेल तर मात्र गोड पेय घोटघोट घेणे हेच औषध. फ्लूचा हंगाम आणि श्रावण एकाच सुमारास येतात. तापात उपास धरू नये, आणि धरलाच असेल तर साबुदाण्यावर आणि बटाट्यावर साखर किती चढते ते त्याच दिवशी तपासून पाहावे.

घरी थांबायचे की रुग्णालय गाठायचे, हे ठरवणाऱ्या खुणा ठरलेल्या आहेत. बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, ओठ किंवा नखे निळसर होणे, ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणे या फुप्फुसांच्या खुणा. साखर लागोपाठ दोनदा अडीचशेच्या वर राहणे, पाणीही न टिकणे, पोटात दुखणे, खोल आणि भरभर श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, ग्लानी या साखर आणि आम्लाच्या खुणा. लघवीतील किटोन तपासायच्या पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. इन्शुलिन किंवा ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या घेणाऱ्याने पावसाळ्यात त्या घरात ठेवाव्यात. टाइप २ मधुमेहात, विशेषतः वयस्करांत, साखर सहाशेच्या वर जाऊन माणूस हळूहळू बेशुद्धीकडे सरकतो, त्याला ‘अशक्तपणा आलाय, झोपू द्या’ असे घरचे म्हणत राहतात. ताप एकदा उतरून दोन-तीन दिवसांनी पुन्हा चढला आणि कफ पिवळा-हिरवा झाला, तर तो बहुधा जीवाणूंचा न्युमोनिया असतो आणि त्याला उशीर चालत नाही.

फ्लूवर विषाणूविरोधी औषध आहे, ते ऑसेल्टामिविर. प्रौढाला ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस. मूत्रपिंडे कमजोर असतील तर डोस कमी करावा लागतो. त्याचा सर्वांत जास्त उपयोग पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू केल्यावर होतो. गंभीर रुग्णाला ते उशिरा दिले तरी काही फायदा होतो, पण पहिल्या दोन दिवसांची सर येत नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत फ्लूसारख्या तापाच्या रुग्णांचे अ, ब, क असे गट केले आहेत. अ गटातल्या साध्या तापाच्या रुग्णाला ना तपासणी लागते, ना ऑसेल्टामिविर. क गटातल्या रुग्णाला, म्हणजे धाप, छातीत दुखणे, ग्लानी असलेल्याला, दाखल करायचे असते. मधुमेहीची लक्षणे सौम्य असली तरी त्याचा समावेश ब गटात, जोखमीच्या रुग्णांत, होतो. त्याला घशाच्या नमुन्याच्या अहवालाची वाट न पाहता ऑसेल्टामिविर द्यावे, असे या सूचना सांगतात. म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या सोबत्याला ‘दोन दिवस बघू’ हा सल्ला योग्य असेल आणि त्याच तापात मधुमेहीला तो अयोग्य. हा फरक चौकातल्या दवाखान्यांपर्यंत पुरेसा पोचलेला नाही.

या पट्ट्यातल्या दवाखान्यांची रीत कामगाराच्या निकडीने घडवली आहे. संध्याकाळी येणाऱ्या रुग्णाची मागणी एकच असते : उद्या पाळीला उभे करा. मग सलाईन लागते, इंजेक्शन दिले जाते, चार रंगांच्या गोळ्यांची पुडी मिळते. त्यात डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड असेल तर रुग्णाला तासाभरात तरतरी वाटते आणि साखर चारशेकडे धावते. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात किती जणांचे डोळे आणि जबडे नेले, ते या राज्याने पाहिले आहे. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड ही जोडी त्यामागे वारंवार होती. पुडीतल्या अँटिबायोटिकचेही तसेच. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशाने स्वतःचे पेनिसिलिन इथे बनवले. हा या शहराचा खरा अभिमान आहे. पण पेनिसिलिन असो वा ॲझिथ्रोमायसिन, फ्लूच्या विषाणूवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. ते मागाहून येणाऱ्या जीवाणूंच्या न्युमोनियासाठी राखून ठेवायचे असते. दवाखान्यात शिरताच ‘मला शुगर आहे, स्टेरॉइड देऊ नका, ही फ्लूची गोळी लागेल का ते पाहा’ असे म्हणण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

तरीही मूळ प्रश्न उरतोच : पहिल्या दिवशी कामगार दवाखान्यात जाईल कसा? १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारी कामगाराला वेतनाच्या सुमारे ७० टक्के भत्ता, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, देण्याची व्यवस्था केली. २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार तिच्या कक्षेत येतात. चिंचवडच्या मोहननगरला या विम्याचे रुग्णालय आहे आणि तिथले उपचार पहिल्या दिवसापासून मिळू शकतात. पण या विम्याच्या नियमांनुसार आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नाही. अपवाद एवढाच की, आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत माणूस पुन्हा आजारी पडला तर तो मिळतो. किरकोळ सर्दी-पडशासाठी खाडे होऊ नयेत, हा या नियमामागचा विचार समजण्यासारखा आहे. मधुमेहीच्या फ्लूत मात्र तो उलटा पडतो. औषध सर्वाधिक काम करते ते नेमके हेच दोन दिवस, आणि नियम नेमक्या त्याच दोन दिवसांचे पैसे कापतो. कंपनीचा हजेरी भत्ता त्यावर आणखी टाच आणतो. एक दिवस चुकला की महिन्याचा भत्ता गेला, हा हिशेब प्रत्येक ठेका कामगाराला पाठ असतो. तिसऱ्या दिवशी पाय निघेनासा झाला की तो विश्रांती घेतो. तोपर्यंत औषधाची वेळ गेलेली असते.

यावर उपाय अवघड नाही. मधुमेहाची नोंद असलेल्या कामगाराला ताप आल्यास पहिले दोन दिवस पगारी मिळावेत आणि त्यासाठी हजेरी भत्ता कापला जाऊ नये. हे आधी कंपनीने स्वतः करावे, विम्याच्या नियमांत ते मागाहून यावे. खोट्या आजाराची सबब पुढे केली जाईल, पण ती टिकत नाही. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम ठेवणे १९४८ च्या कारखाने कायद्यानेच बंधनकारक केले होते. तिथे ताप, साखर आणि ऑक्सिजन तीन मिनिटांत मोजून होतात. फ्लूचा रुग्ण लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस विषाणू पसरवत असतो, त्यामुळे त्याला बसमध्ये आणि लाइनवर आणणे कंपनीलाच महागात पडते. खरी अडचण निराळी आहे. भरतीच्या वेळी साखर जास्त निघाली तर गेट पास मिळणार नाही, या भीतीने मधुमेह लपवला जातो. कँटीनच्या मागे गुपचूप इन्शुलिन टोचणारा माणूस सुपरवायझरला ताप आल्याचे सांगणारच नाही. मधुमेहाची नोंद कामावरून काढण्यासाठी वापरली जाणार नाही, ही हमी लेखी आणि ठेकेदारालाही बांधून घेणारी असल्याशिवाय ॲम्ब्युलन्स रूममधले ग्लुकोमीटर धूळ खात पडेल. कामगार संघटनांनी वेतनकरारात बोनसइतक्याच जोराने ही मागणी लावून धरायला हवी. आजवर ती क्वचितच ऐकू आली आहे.

फ्लू टाळण्याचा भरवशाचा मार्ग लस हा आहे, आणि तीही वेळेवर. विषाणू दरवर्षी रूप बदलतो म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. टोचल्यानंतर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या नमुन्यांवरून दाखवले की, श्रीनगरमध्ये फ्लूचा जोर थंडीत असतो, तर पुण्यासह देशाच्या मोठ्या भागात तो पावसाळ्यात असतो. त्यामुळे इथल्या माणसाने युरोप-अमेरिकेसारखी ऑक्टोबरची वाट पाहण्यात अर्थ नाही. एप्रिल-मे हे योग्य महिने आहेत. तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीच्या मुक्कामी येते, ज्ञानोबांची आळंदीहून निघते, लाखो माणसे एकत्र येतात, त्याच्या आधी ही लस होऊन जायला हवी. विषाणूशी जुळणी चांगली असलेल्या वर्षी लस चाळीस ते साठ टक्के संरक्षण देते. ज्यांना तरीही फ्लू होतो त्यांच्यातही तो सहसा सौम्य जातो. महाराष्ट्र सरकारने २०१५ पासून गरोदर स्त्रिया आणि मधुमेह, उच्च रक्तदाब असलेल्यांसाठी ही लस मोफत देण्याचे धोरण घेतले. महापालिकेच्या रुग्णालयात साठा आहे का, ते आधी विचारून जावे. खासगीत ती हजार-दोन हजारांच्या घरात पडते. वर्षातून एकदा आरोग्य तपासणीची गाडी आवारात बोलावणाऱ्या कंपन्यांनी तीच गाडी मे महिन्यात लशीसह बोलावली तर खर्च फारसा वाढणार नाही. न्युमोकोकसची लसही मधुमेहीने डॉक्टरांना विचारून घ्यावी.

कामावर परतण्याची वेळ तापावरून ठरते. पॅरासिटामॉल न घेता पूर्ण चोवीस तास ताप नसेल तर माणूस परतू शकतो. त्याने आठवडाभर मास्क वापरावा आणि पहिले काही दिवस रात्रपाळी, जड उचल आणि भट्टीजवळचे काम टाळता आले तर टाळावे. खोकला आणि थकवा दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतात. साखरही लगेच जुन्या आकड्यावर येत नाही. मग ती उतरू लागली की आजारपणात वाढवलेले इन्शुलिन तेवढेच चालू ठेवल्याने ती अचानक खाली जाते, विशेषतः पाळी बदलण्याच्या आठवड्यात, जेव्हा जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा एकदम उलटतात. म्हणून बरे झाल्यानंतरही दोन आठवडे सकाळी उपाशीपोटी आणि पाळीला निघण्याआधी साखर तपासावी, आकडे वहीत मांडावेत आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जाऊन डोस पूर्ववत करून घ्यावेत.